मध्यरात्रीच्या मिस्सेत काहीच वाटलं नाही तर?

वाचकांचे प्रश्न : नाताळ

नाताळच्या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी कुणी धर्मपंडित नाही. वसईत वाढले, लग्न होऊन गोव्यातल्या सासष्टीत आले, फोंड्याच्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, मुलांची दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षणाचा वर्ग, अजून घेते. जे मानते तेच इथे लिहिते.

प्रश्न : ताई, आम्ही फोंड्याला राहतो. शेजारच्या आंटींकडून दर नाताळला कुस्वादाचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट येतं. चवथीला आमच्याकडच्या करंज्या, मोदक त्यांच्याकडे जातात. यंदा पाचवीतल्या माझ्या मुलीने विचारलं, "येशूचा जन्म म्हणजे आपल्या कृष्णजन्मासारखाच का? तोही दुष्टांना मारायला आला होता का?" मला काही सांगता आलं नाही. आणखी एक. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ते ताट घेणंच पसंत नाही. ते देवळं पाडल्याच्या जुन्या गोष्टी काढतात. त्यांना काय सांगू?
— एक आई, फोंडा

उत्तर : तुमच्या मुलीने अगदी मुळाशी हात घातला आहे. दोन्ही गोष्टींत रात्र आहे, आडोशाला झालेला जन्म आहे आणि बाळाच्या जिवावर उठलेला राजा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात (बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकात) दुसऱ्या अध्यायात हेरोद राजा बेथलेहेमातल्या दोन वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलग्यांना मारून टाकतो, आणि योसेफ रातोरात बाळाला नि त्याच्या आईला घेऊन मिसर देशात पळून जातो. इथपर्यंत मुलीला खुशाल सांगा की हो, सारखं आहे. ओळखीच्या वाटेने मूल लवकर पोचतं.

पुढे वाट वेगळी होते. येशू मोठा होऊन हेरोदाला मारायला परत येत नाही. हेरोद आपल्या मरणाने मरतो, त्याची मुलं गादीवर बसतात, रोमी सैन्य होतं तिथेच राहतं. बाहेरून पाहिलं तर काहीच बदललेलं नाही. शेवटी मारला जातो तो येशूच, तेही गुन्हेगारासारखा, क्रुसावर. तेव्हा "दुष्टांना मारायला आला होता का?" याचं आमचं उत्तर असं, की दुष्टांसाठी, चांगल्यांसाठी, सगळ्यांसाठीच मरायला आला होता. आणि त्या मरणातून तो उठला असं आम्ही मानतो. हे शेवटचं वाक्य गाळलं तर नाताळ म्हणजे एका गरीब बाळाची गोड गोष्ट उरेल आणि तिच्यासाठी एवढ्या चांदण्या टांगायचं काही कारण उरणार नाही.

आता माझ्यापुरतं सांगते. चार शुभवर्तमानांपैकी जन्माची कथा दोघांनीच लिहिली, मत्तयाने आणि लूकने. मार्क थेट मोठ्या येशूपासून सुरू करतो. योहानाकडे ना गोठा आहे ना मेंढपाळ, पण त्याच्या पहिल्या अध्यायात एक वाक्य आहे : "शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली." ज्याने हे सगळं निर्माण केलं, तोच हाडामांसाचा माणूस झाला. ३२५ साली निकेया इथे भरलेल्या धर्मसभेने हाच विश्वास शब्दांत बांधला. तिथून वाढत आलेला विश्वासांगीकार आम्ही रविवारच्या मिस्सेत उभं राहून म्हणतो. मी तो लहानपणापासून म्हणत आले होते.

सासूबाईंना शेवटच्या काळात पक्षाघात झाला होता. नाताळच्या आदल्या रात्री घरचे सगळे मिस्सेला गेले, मी त्यांच्यापाशी थांबले. त्यांचं अंग पुसलं, कपडे बदलले, चमच्याने पेज भरवली. अर्धी पेज ओठांच्या कडेने गळत होती. ज्या बाईने पन्नास माणसांचा स्वयंपाक एका हाती केला होता तिला आता मान धरवत नव्हती आणि त्याची तिला लाज वाटत होती. तिकडे चर्चच्या घंटा वाजू लागल्या. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की देवाने हे पत्करलं. मान न धरता येणं, दुसऱ्याच्या हातून भरवून घेणं, दुसऱ्याने पुसून घेणं, हे सगळं त्याने मरियेच्या हातून करून घेतलं. मी सासूबाईंना ते मोठ्याने सांगितलं. त्यांना बोलता येत नव्हतं, पण त्यांनी पुढचा घास लाजेशिवाय घेतला. वर्षानुवर्षं तोंडपाठ असलेला विश्वासांगीकार त्या रात्री माझा झाला.

मुलीला एवढं सगळं सांगायला नको. तिला मेंढपाळांची गोष्ट सांगा. लूक लिहितो की जन्माची बातमी सगळ्यांत आधी रानात रात्रपाळी करणाऱ्या मेंढपाळांना कळली. राजवाड्याला नाही, मंदिराच्या याजकांनाही नाही. देवाला आधी कुणाला सांगावंसं वाटलं, हे पाचवीतल्या मुलीला नक्की समजतं.

तुमच्या वडीलधाऱ्यांना मात्र "जुनं विसरा" असं सांगू नका. ते जे बोलतात ते घडलेलं आहे. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून नदीपार न्यावी लागली. फोंडा तेव्हा पोर्तुगीज राज्याबाहेर होता म्हणून देव तिथे सुरक्षित राहिले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचा ठपका ठेवून शिक्षा करणारं न्यायालय, आलं आणि ते कायमचं बंद व्हायला १८१२ उजाडलं. त्यात नव्याने ख्रिस्ती झालेलेही भरडले गेले. माझ्या प्रभूचं नाव घेऊन हे झालं याचं मला खरोखर दुःख आहे, आणि ते मी वर्गातल्या मुलांपासूनही लपवत नाही. सैन्य घेऊन आलेल्यांचं वागणं त्या गव्हाणीतल्या बाळापेक्षा हेरोदाशी जास्त जुळतं.

त्याच काळात, त्याच सासष्टीत आणखी एक गोष्ट घडली, तीही त्यांच्या कानावर घाला. १५७९ मध्ये गोव्यात आलेला थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज धर्मगुरू इथली भाषा शिकला. येशूच्या जन्माची, मरणाची आणि उठण्याची कथा त्याने मराठी ओव्यांत लिहिली. सुमारे ११,००० ओव्यांचं हे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. त्याने जुलूम धुऊन निघत नाही. पण नाताळची गोष्ट गोव्यात मराठीत सांगितली जाते ती काल-परवापासून नाही, हे मराठी वाचणाऱ्या घराला ठाऊक असलेलं बरं.

शेजारच्या आंटींचं ताट इतिहासाचं नाही, त्यांच्या चुलीवरचं आहे. दोदोल घोटताना त्यांचे खांदे भरून आलेले असतात. ते घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : टीचर, ओळखाल की नाही माहीत नाही, मी तुमच्या वर्गात होतो. आता वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात आहे. शिफ्ट ड्युटी असते. दर नाताळला मम्मीसाठी म्हणून मध्यरात्रीच्या मिस्सेला जातो. सगळे गातात, मम्मी डोळे पुसते, मला काहीच वाटत नाही. लहानपणी वाटायचं, ते बहुतेक नव्या कपड्यांमुळे. देव आहे की नाही याबद्दलही मी ठाम नाही. मग मी तिथे उभा राहतो ते ढोंग नाही का? यंदा माझ्या शिफ्टमधली झारखंडची मुलं गावी जाऊ शकत नाहीत, त्यांच्याबरोबर खोलीवरच बसावं असा विचार आहे. मम्मीला सांगायची हिंमत नाही.
— एक जुना विद्यार्थी, वेर्णा

उत्तर : तुझं अक्षर ओळखलं. निबंधातही तू असाच प्रश्नावर प्रश्न विचारून संपवायचास आणि मी खाली लाल शाईने लिहायची, "तुला स्वतःला काय वाटतं?" आज तू ते लिहिलं आहेस.

आधी ढोंगाचं बोलू. स्वतःपाशी नाही ते आहे असं लोकांना दाखवून त्यावर मान मिळवणं, याला ढोंग म्हणतात. येशू ज्यांच्यावर संतापला ते तसले होते, चव्हाट्यावर उभं राहून प्रार्थना करणारे. तू कुणाला काय दाखवतोस? आईला सोबत देतोस. "आपल्या आईबापाचा मान राख" ही दहा आज्ञांपैकी एक आहे आणि ती पाळताना अंगावर शहारे यावेत अशी अट कुठे घातलेली नाही. तेव्हा ढोंगी हा शब्द स्वतःसाठी वापरू नकोस.

पण तुझा खरा प्रश्न त्याच्या खाली आहे. काही वाटत नाही म्हणजे श्रद्धा नाही, असं तू धरून चालला आहेस.

पॉल क्लोदेल नावाचा फ्रेंच कवी होता. अठरा वर्षांचा, देव न मानणारा. १८८६ च्या नाताळच्या दिवशी तो पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलमध्ये संध्याकाळच्या उपासनेला सहज जाऊन उभा राहिला. मरियेचं स्तोत्र चाललं होतं आणि तिथल्या तिथे त्याच्या मनाने देवाचं असणं मान्य केलं. अशा गोष्टी आम्ही धर्मशिक्षक फार आवडीने सांगतो आणि तिथेच थांबतो. पुढचं सांगायला हवं. त्या दिवसानंतर क्लोदेल चार वर्षं स्वतःशी झगडला. डोकं ऐकेना, लाज वाटे, मित्र काय म्हणतील याची धास्ती. १८९० च्या नाताळला जाऊन त्याने ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत येशूचं शरीर मानून दिली जाणारी भाकर, घेतला. वीज पडली तरी त्याला एवढा वेळ लागला.

आणि मदर तेरेसा. त्या १९९७ मध्ये गेल्या. दहा वर्षांनी त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा जग चकित झालं. कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देवाचं अस्तित्व जाणवत नव्हतं. आत नुसता काळोख, असं त्या आपल्या धर्मगुरूंना लिहीत होत्या. आणि त्याच काळात पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या, मरणाऱ्यांना उचलून आणत होत्या. काही लोक म्हणाले, बघा, त्यांचाही विश्वास नव्हता. मला ते अजिबात पटत नाही. जिला काही जाणवत नाही आणि तरी जी दिलेला शब्द मोडत नाही, तिच्या श्रद्धेपुढे माझ्यासारख्या भावनेने भरून येणाऱ्या बाईने मान खाली घालावी. चर्चने २०१६ मध्ये त्यांना संत म्हणून जाहीर केलं ते ती पत्रं वाचून झाल्यावरच.

गव्हाणीपाशी कोण काय करतं ते बघ. देवदूत निघून गेल्यावर मेंढपाळ एकमेकांना म्हणतात, चला, बेथलेहेमला जाऊन बघू या. ते बघायला जातात. खातरजमा करायला जातात म्हण हवं तर. मरिया ऐकलेलं सगळं मनात जपून ठेवते आणि त्याचा विचार करत राहते. म्हणजे तिलाही सगळं एकदम उलगडलेलं नाही. योसेफाच्या तोंडी तर चारही शुभवर्तमानांत एकही वाक्य नाही. तो उठतो, बाळाला नि आईला घेतो, चालू लागतो. त्याला आत काय वाटत होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. भावनेने सद्गदित होऊन उभा राहिलेला माणूस तुला तिथे फारसा सापडायचा नाही. ते आपण आपल्या नाताळच्या कार्डांवर काढलेलं आहे.

दुसरी गोष्ट उसन्या श्रद्धेची. मम्मीची श्रद्धा तुझ्या अंगात आपोआप उतरेल, ही अपेक्षा सोड. तिची तिने कमावली आहे. मराठीत याचं मोठं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, दूर राहिल्या, सोवळं-ओवळं पाळत राहिल्या. काही वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यांची स्वतःची खात्री पटल्यावर. हे सगळं त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. नवऱ्याचा देव म्हणून त्यांनी येशूला स्वीकारलं असतं तर ती श्रद्धा पहिल्याच संकटात गळून पडली असती असं मला वाटतं. तुझा बाप्तिस्मा तू पाळण्यात असताना झाला. त्याला तुझा होकार अजून द्यायचा राहिला आहे, आणि तो मम्मी देऊ शकत नाही, मीही देऊ शकत नाही. बत्तीस-तेहतिसाव्या वर्षीही तो देता येतो. घाई नाही. पण टाळूही नकोस.

काय करायचं ते विचारलं नाहीस, तरी सांगते. लूकच्या शुभवर्तमानाचे चोवीस अध्याय आहेत. एक डिसेंबरपासून रोज एक वाचला तर चोवीसच्या रात्री पुस्तक संपतं. अंक हातात पडेपर्यंत काही दिवस गेलेले असतील, तर सुरुवातीला दोन-दोन वाच. मराठीत वाच, कोंकणीत वाच, शिफ्टच्या मधल्या सुट्टीत मोबाइलवर वाच. चांगलं वाटावं म्हणून वाचू नकोस. हा येशू नावाचा माणूस काय बोलतो, कुणाबरोबर जेवतो, कुणावर चिडतो ते बघ. एक बाप येशूकडे आजारी मुलाला घेऊन येतो आणि ओरडतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." हे मार्कमध्ये आहे, नवव्या अध्यायात. येशू त्याला परत पाठवत नाही. मिस्सेत उभा असशील तेव्हा तू एवढंच म्हण : मला काही वाटत नाही, पण मी आलोय. ही पूर्ण प्रार्थना आहे. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मात्र केवळ सगळे उठले म्हणून उठू नकोस. त्याआधी एखाद्या समंजस फादरांशी बोल, कुमसार कर, म्हणजे त्यांच्यापाशी पापांची कबुली दे. तिथे खोटं चालत नाही आणि खोटं बोलावंही लागत नाही.

आता झारखंडची मुलं. त्यांच्याबरोबर खोलीवर बसण्याचा विचार तुझ्या मनात आला तो मला पत्रातला सर्वांत नाताळचा भाग वाटला. पण त्यासाठी मिस्सा का सोडायची? त्यातली कुणी ख्रिस्ती असतील तर त्यांनाही गावापासून लांब पहिल्यांदाच नाताळ घालवताना रडू येत असेल. विचार त्यांना. येणाऱ्यांना मिस्सेला घेऊन जा, न येणाऱ्यांना पंचवीसला दुपारी जेवायला घरी घेऊन ये. मम्मीला आधी सांग, नाहीतर सोरपोतेल, डुकराच्या मांसाचं कालवण, पुरायचं नाही. तुझ्या मम्मीला मी ओळखते. ती चार पानं जास्त वाढताना जेवढी खूश होईल तेवढी तुझ्या नुसत्या हजेरीने झालेली नसेल.

प्रश्न : येशूचा जन्म २५ डिसेंबरला झाला याला काही पुरावा आहे काय? माझा नातू म्हणतो, ही सूर्याच्या सणाची तारीख उचलली आहे.
— एक निवृत्त शिक्षक, डिचोली

उत्तर : सर, शुभवर्तमानांत तारीख नाही. ३५४ सालच्या एका रोमन पंचांगात २५ डिसेंबर ही जन्माची तारीख नोंदलेली सापडते. ती का निवडली याबद्दल अभ्यासकांची दोन मतं आहेत. एक तुमच्या नातवाचं, सूर्यसणाचं. दुसरं असं, की मरियेच्या उदरात गर्भ राहिला तो दिवस जुने ख्रिस्ती २५ मार्च धरत, तिथून नऊ महिने मोजले. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीला जन्मोत्सव करतं. सालाचंही तसंच आहे. हेरोद इ.स.पू. ४ मध्ये मेला असं बहुतेक इतिहासकार धरतात, म्हणजे येशूचा जन्म त्याच्या आधीचा. सहाव्या शतकात दायोनिसियस नावाच्या मठवासीयाने इसवी सन मोजताना काही वर्षांची चूक केली. नातवाला सांगा, तारीख चर्चने ठरवली आहे आणि ते मान्य करायला आम्हाला जड जात नाही. कैसर औगुस्ताच्या राज्यात, यहूदीयात, एक मूल जन्मलं, एवढ्यावर माझी श्रद्धा उभी आहे. तारीख बदलली तर मी त्या दिवशी मिस्सेला जाईन.

प्रश्न : बाई, आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे ख्रिस्ती, वास्कोला स्थायिक. माझे यजमान ऑगस्टमध्ये गेले. बंदरात नोकरी होती, नाताळची चांदणी दर वर्षी ते स्वतः बांबूच्या काड्यांची करायचे. घरात दुःख आहे म्हणून यंदा गोडधोड करणार नाही, हे ठीक. पण मुलं म्हणतात, चांदणी तरी लावू या. मला ते बघवणार नाही. आणि खरं सांगू, "आनंद करा" हे शब्द ऐकले की मला चर्चमधून उठून जावंसं वाटतं. हे पाप आहे का?
— वास्कोहून

उत्तर : नाही हो. पाप कसलं? तुमचं माणूस गेलं आहे.

नाताळचा आठवडा चर्चने कसा रचला आहे ते पाहा. पंचवीसला जन्म. सव्वीसला संत स्तेफान, ज्याला दगडांनी ठेचून मारलं. अठ्ठावीसला हेरोदाने मारलेल्या बाळांचा दिवस. त्या दिवशीच्या वाचनात राहेल आपल्या मुलांसाठी आक्रोश करते आणि तिचं सांत्वन होऊ शकत नाही, असं वाक्य येतं. चर्चने तिला गप्प केलेलं नाही. तिचं रडणं गोठ्याच्या समोर, चांदण्या लटकत असतानाच मोठ्याने वाचलं जातं. तुम्हाला ज्या दिवशी चर्चमध्ये बसवेल असं वाटतं, तो कदाचित पंचवीस नसेल, अठ्ठावीस असेल. चोवीसच्या रात्रीची गर्दी, गाणी, नवे कपडे सोसणार नसतील तर पंचवीसला सकाळी लवकरच्या मिस्सेला जा, मागच्या बाकावर बसा. "आनंद करा" म्हणतील तेव्हा तुम्ही गाऊ नका. बाकीचे तुमच्या वतीने गातील. तुमच्या घरी दुःख नव्हतं तेव्हा तुम्हीही कुणाच्या तरी वतीने गायलाच होतात.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात एक बाई आहे, जिच्याकडे आम्ही फारसं लक्ष देत नाही. हन्ना. लग्नानंतर सातच वर्षं नवऱ्याची सोबत, पुढचं सगळं आयुष्य विधवेचं. आता ती फार म्हातारी आहे आणि मंदिर सोडून कुठे जात नाही. मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात येतात तेव्हा त्याला ओळखणाऱ्या दोनच व्यक्ती आहेत, एक वृद्ध शिमोन आणि दुसरी ही हन्ना. शिमोन मरियेला तिथेच सांगतो की तुझ्या जिवातूनही तलवार जाईल. चाळीस दिवसांच्या बाळंतिणीला कुणी असं सांगेल का? पण तो सांगतो आणि ती ऐकून घेते. बाळाच्या जन्माचं कौतुक आणि पुढे येणारं मरण या कुटुंबाने पहिल्यापासून एकाच घरात ठेवलं. तुमच्या घरात आज तेच आहे.

तुमच्या यजमानांची भेट पुन्हा होईल, हे मी सांत्वनाला म्हणून म्हणत नाही. मी ते मानते. जो माणूस झाला तो मेला आणि उठला, आणि आपल्या माणसांना तो मातीत सोडणार नाही, या एका आशेवर मी माझ्या माणसांना पुरलं आहे. तरीही त्या आशेने रडू थांबत नाही, थांबायची गरजही नाही. लाजराच्या कबरीपाशी, त्याला आपण उठवणार हे ठाऊक असताना, येशू रडला.

चांदणी मुलांना करू द्या. विकतची नको, वडील करायचे तशीच, बांबूच्या काड्यांची. काड्या कुठल्या आणायच्या, कागद कसा ताणायचा हे त्यांना अर्धवटच माहीत असणार, तुम्हाला विचारतील. जमेल तेवढं सांगा. नाही जमलं तर आत जाऊन पडा आणि मुलांना तसं सांगा. ती लावायची कुठे हे मात्र तुम्ही ठरवा, तुमच्या खोलीच्या खिडकीतून दिसणार नाही अशी जागा बघा हवं तर. शेजारणींनी कुस्वाद आणला तर घ्या. दुःखाच्या घरी ताट जातं ते परतफेडीच्या हिशेबाने जात नाही.

प्रश्न : सत्तरीतल्या आमच्या प्राथमिक शाळेत यंदा पहिल्यांदाच मुलं येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा करणार आहेत. वर्गात ख्रिस्ती मुलं दोनच. बैल, गाढव, तीन राजे, उंट, सगळं एकदम मांडायचं ना?
— एक शिक्षिका, सत्तरी

उत्तर : किती छान! दोन मुलांसाठी बाकीचा वर्ग गोठा करतो आहे, हे वाचून बरं वाटलं. गवत, माती, शेण्या, तुमच्याकडे सगळं खरं मिळेल, थर्माकोल आणू नका. आताच एका पसरट भांड्यात नाचणी किंवा गहू पेरा, नाताळपर्यंत हिरवी हिरवळ तयार होईल. आमच्याकडे सासूबाई तसंच करायच्या.

बैल आणि गाढव लूकच्या कथेत नाहीत. फक्त बाळाला गव्हाणीत ठेवलं असं तो सांगतो. ही जोडी यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून आली : बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाणी ओळखतं, पण माझे लोक ओळखत नाहीत. १२२३ मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावात नाताळच्या रात्री गवत आणि खरा बैल, खरं गाढव आणून गव्हाणी मांडली, गावकऱ्यांना बेथलेहेमचं गारठलेपण डोळ्यांनी दिसावं म्हणून. तुमच्या मुलांच्या घरी बैल असतील, त्यांना ही गोष्ट आवडेल.

राजे मात्र पहिल्या दिवशी नकोत. मत्तय त्यांना राजे म्हणत नाही, पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्योतिषी, म्हणतो. तीन होते असंही लिहीत नाही. भेटी तीन आहेत : सोनं, ऊद आणि गंधरस. त्यावरून आपण तीन धरले. ते आले तेव्हा बाळ घरात होतं असं तो सांगतो, म्हणजे मधे काही दिवस गेले असणार. काही घरांत राजांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवतात आणि रोज थोडं थोडं गोठ्याकडे सरकवतात. वर्गात हे करून बघा. खिडकीपासून सुरुवात करा आणि कोण सरकवणार त्याची पाळी लावा, नाहीतर भांडणं होतील. सुट्टीत शाळा बंद असेल तेव्हा राजे वाटेतच थांबतील, हरकत नाही, सुट्टीनंतर पोचतील.

६ जानेवारीला राजांचं फेस्त, म्हणजे सण, असतं. बार्देशात रेईश मागूशच्या चर्चमध्ये, सासष्टीत चांदरला आणि मुरगावात कांसावलीला. तिन्ही ठिकाणी गावातले मुलगे राजांचे पोशाख घालतात. कांसावलीला तर तीन गावांचे तीन मुलगे घोड्यावर बसून टेकडीवरच्या रेमेदी सायबिणीच्या, म्हणजे मरियेच्या, कपेलापर्यंत (छोट्या चर्चपर्यंत) जातात. सत्तरीहून सगळं लांब आहे, पण एखाद्या पालकाची गाडी मिळाली तर रेईश मागूश त्यातल्या त्यात सोपं. मिस्सेची वेळ आधी तिथल्या चर्चमध्ये विचारून ठेवा आणि मुलांना पुढे उभं करा, मागून मुकुट दिसत नाहीत.